ताटावरून उठलेल्या बायका : कॅरोलाइन वॉकर बायनम यांचा इतिहासाभ्यास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सुरुवात एका जेवणाच्या ताटापासून करतो. तेराव्या शतकातली पहिली पंचवीस-तीस वर्षं आहेत. आजच्या जर्मनीतला थुरिंगिया प्रांत, तिथल्या सत्ताधीशाचा वाडा, आणि मोठी पंगत बसलेली आहे. त्या सत्ताधीशाची बायको एलिझाबेथ ही हंगेरीच्या राजाची मुलगी, वय जेमतेम विशीचं. ती समोरची भाकरी मोडते, तुकडे इकडून तिकडे करते, आपण जेवतोय असं भासवते, पण खात काहीच नाही. कारण हे अन्न कुठून आलं याची तिने आधीच चौकशी केलेली असते. नवऱ्याच्या हक्काच्या जमिनीतून आलं असेल तर ती खाणार. गोरगरिबांकडून जुलमाने वसूल केलेलं असेल तर घासही घेणार नाही. त्यामुळे कित्येकदा भरल्या पंगतीतून ती उपाशी उठायची. हे आपल्याला कळतं ते तिच्या दासींकडून. १२३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी ती वारली आणि तिला संतपद देण्यासाठी चौकशी झाली, तेव्हा त्या दासींनी साक्षी दिल्या.

आता या बाईला काय म्हणायचं? भाविक म्हणायचं, बंडखोर म्हणायचं, की आजच्या डॉक्टरकडे पाठवायचं?

आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय, त्या कॅरोलाइन वॉकर बायनम यांनी जवळजवळ सगळं आयुष्य या प्रश्नाच्या आसपास घालवलं. आणि त्यांच्या कामाची गोम अशी की, आपण जी तीन उत्तरं चटकन देतो, त्यातलं एकही त्यांनी घाईने स्वीकारलं नाही.

थोडी ओळख करून देतो. जन्म १९४१, अमेरिकेतलं अटलांटा शहर. बी.ए. मिशिगन विद्यापीठातून १९६२ साली, पीएच.डी. हार्वर्डमधून १९६९ साली. हा काळ लक्षात घ्या. हार्वर्डच्या आवारात लॅमॉन्ट नावाचं एक ग्रंथालय आहे. ते बायकांसाठी उघडलं १९६७ साली. म्हणजे बायनम तिथे संशोधन करत होत्या, तेव्हा त्याच आवारातल्या एका ग्रंथालयाचं दार केवळ बाई म्हणून बंद होतं. पुढे त्या तिथेच शिकवायला लागल्या. तिथल्या स्त्री-प्राध्यापकांची स्थिती काय आहे हे तपासायला विद्यापीठाने समिती नेमली, तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक या होत्या. दुसरे मायकेल वॉल्झर, राजकीय तत्त्वज्ञ म्हणून आपल्यातल्या काहींना ठाऊक असतील. समितीचा अहवाल आला १९७१ मध्ये. नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली, स्वतःची जागा कायम नाही, आणि काम काय, तर मालकाच्या घराची झडती घ्यायची! हे सोपं नसतं, हे विद्यापीठात नोकरी केलेल्यांना वेगळं सांगायला नको.

एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की या बाईंनी पहिल्यापासून स्त्रियांचाच इतिहास घेतला असणार. तसं झालेलं नाही. त्यांचा पहिला विषय होता बाराव्या शतकातले पुरुष. मठात राहणारे संन्यासी आणि समूहाने राहणारे धर्मगुरू, या दोन गटांची स्वतःबद्दलची समजूत कशी वेगळी होती, यावर त्यांचं पहिलं पुस्तक आहे, १९७९ चं. विषय किचकट आहे, मी त्यात शिरत नाही. पण तिथे त्यांना एक सवय लागली. दोन गट वरवर सारखंच बोलत असतील, तर नेमका कुठला शब्द एकाकडे येतो आणि दुसऱ्याकडे येत नाही, हे चिकाटीने बघायचं. ही सवय पुढे जन्मभर उपयोगी पडली.

या वाचनातच त्यांना एक विचित्र गोष्ट सापडली. बाराव्या शतकातले मठाधिपती, चांगले दाढीवाले, करारी, राजांना पत्रं लिहून खडसावणारे पुरुष, येशूला आई म्हणत होते. क्लेअरव्होचा बर्नार्ड, रिव्होचा एल्रेड, इग्नीचा गेरिक. त्यांच्या आधी कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म. हे लोक येशूच्या छातीशी दूध पिण्याबद्दल लिहितात. अँसेल्म कोंबडीची उपमा घेतो, पिल्लांना पंखाखाली घेणारी. ती बायबलमध्येच आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात. आणि एवढ्यावर थांबत नाहीत. मठाधिपती स्वतःलाही आई म्हणवून घेतात.

आता तुमच्या डोक्यात काय आलं ते मला दिसतंय. आपल्याला यात नवल वाटायचं कारणच नाही. विठ्ठल ही विठाई आहे, ज्ञानेश्वर तर माउलीच, आणि वारीत अनोळखी माणसालासुद्धा माउली म्हणूनच हाक मारतात. पण आपण स्वतःला एक प्रश्न क्वचित विचारतो. देवाला आई म्हणणाऱ्या समाजात आईचं काय चाललेलं असतं?

बायनम यांनी नेमका हाच प्रश्न विचारला. १९८२ सालचं त्यांचं पुस्तक, 'जीझस ॲज मदर'. त्या वेळी अनेकांचं म्हणणं असं होतं की, देवाची आई म्हणून भक्ती वाढली म्हणजे स्त्रीची प्रतिष्ठा वाढली असणार, किंवा ही प्रतिमा मुळात स्त्रियांनीच घडवली असणार. इंग्लंडमधल्या नॉरिचची ज्युलियन ही चौदाव्या शतकातली साधिका येशूला आई म्हणते, हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा हा बायकांचा विचार असंच गृहीत धरलं होतं. बायनम यांनी दाखवलं की ज्युलियनच्या आधी दोनशे-अडीचशे वर्षं हे पुरुष लिहीत होते. आणि ते बायकांबद्दल बोलतच नव्हते. बोलत होते स्वतःच्या अडचणीबद्दल. शेकडो माणसांवर हुकूम चालवायचा, त्यांना शिक्षा करायची, आणि त्याच वेळी संन्यासी म्हणून नम्रही राहायचं, हे जमवायचं कसं? बाप आणि धनी या शब्दांत हुकूम होता, पण माया कमी पडत होती. ती त्यांनी आई या शब्दातून उसनी आणली. त्यातही सिस्टर्शियन पंथाच्या मठांमध्ये लहान मुलं घेत नसत, मोठी माणसं यायची. म्हणजे या संन्याशांनी घर पाहिलेलं होतं, आई पाहिलेली होती, आणि ते सोडून ते आले होते.

मला स्वतःला हे पुस्तक वाचताना सगळ्यात मोठा धडा मिळाला तो इथे. प्रतिमा कुणाची आहे यापेक्षा ती कोण वापरतंय आणि कशासाठी, हे महत्त्वाचं. देव्हाऱ्यात देवी आहे म्हणून घरातल्या सुनेचं बरं चाललंय असं समजायचं कारण नाही.

त्याच पुस्तकात शेवटी हेल्फ्टा नावाच्या मठाची हकीकत येते. जर्मनीतला तेराव्या शतकातला बायकांचा मठ, आणि तिथे एकाच काळात लिहिणाऱ्या तिघी. गर्ट्रूड, हाकेबोर्नची मेक्टिल्ड आणि माग्डेबुर्गची मेक्टिल्ड. पहिल्या दोघी लहानपणापासून मठात वाढलेल्या. तिसरी उतारवयात तिथे आलेली. त्याआधी ती 'बेगीन' होती, म्हणजे कायमचं व्रत न घेता, मठाच्या भिंतींबाहेर धर्माचरण करणाऱ्या स्त्रियांपैकी एक. बाहेर तिने टीका सोसली होती. आता गंमत बघा. मठात वाढलेल्या दोघी अधिकाराने बोलतात. सल्ला देतात, देवाचा निरोप सांगतात, त्याबद्दल कुठे ओशाळत नाहीत. बाहेरून आलेली मात्र पुन्हा पुन्हा म्हणते की मी एक दुबळी बाई, मी कशी लिहू. आपला समज उलटा असतो ना? मठ म्हणजे कोंडवाडा, बाहेर म्हणजे मोकळीक. इथे दिसतं ते असं की, बायको-सून-मुलगी या नात्यांत बाई कमी आहे हे ज्यांना रोज ऐकावं लागलं नाही, त्यांच्या लेखणीत भीती कमी आहे.

आता मुख्य पुस्तकाकडे येतो. सिएटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात त्या बारा वर्षं होत्या. तिथे असतानाच १९८७ साली 'होली फीस्ट अँड होली फास्ट' आलं. मेजवानी आणि उपवास. विषय म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती स्त्रियांच्या धर्मजीवनात अन्नाला काय अर्थ होता.

हा विषय आधी कुणाला दिसला कसा नाही, याचंच आश्चर्य वाटतं. इतिहासकार संतांचा अभ्यास करताना दोन गोष्टी बघत आले होते, पैसा आणि ब्रह्मचर्य. कुणी संपत्तीचा त्याग केला, कुणी शरीरसुखाचा. नमुना म्हणजे असिसीचा फ्रान्सिस. कापड व्यापाऱ्याचा मुलगा, बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाच्या हाती देतो आणि चालू लागतो. हा त्याग आपल्याला कळतो. पण बायनम विचारतात, बाई काय टाकणार? संपत्ती तिच्या नावावर नाही. लग्न करायचं की नाही, हे बहुधा तिच्या हातात नाही. मग त्या काळच्या घरात बाईच्या ताब्यात असं काय होतं, जे ती देऊ शकत होती किंवा नाकारू शकत होती?

अन्न. शिजवणं तिच्याकडे, वाढणं तिच्याकडे, कोठीची किल्ली तिच्याकडे. माणूस ज्याचा मालक असतो त्याचाच त्याग करू शकतो. पुरुषांनी पैसा टाकला, बायकांनी ताट बाजूला सारलं.

आता कॅथरीन ऑफ सिएनाकडे बघा, म्हणजे हे नुसतं सूत्र राहणार नाही. १३४७ चा जन्म, इटलीतलं सिएना शहर, बाप रंगारी, घरात दोन डझन भावंडं झालेली, त्यातली बरीचशी लहानपणीच गेलेली. बहीण बाळंतपणात दगावली. घरच्यांनी कॅथरीनच्या लग्नाचं मनावर घेतलं तर हिने केस कापून टाकले. शिक्षा म्हणून तिला घरकामाला जुंपलं, स्वयंपाकघर तिच्यावर टाकलं. आणि याच घरातलं अन्न ती गरिबांना वाटत सुटली. स्वतःचं खाणं कमी कमी होत गेलं. शेवटी शेवटी ती जवळजवळ काही खाऊच शकत नव्हती. एका धर्मपुरुषाने तिच्यावर संशय घेतला की हे सैतानाचं काम असेल. त्याला तिने पत्रातून उत्तर दिलं. आशय असा की, मला इतरांसारखं खाता यावं म्हणून मी देवाची करुणा भाकते, प्रयत्नही करते, पण हा माझा आजार आहे. हे पत्र आपल्याकडे आहे. आणि हीच बाई पोपला पत्रं लिहून, प्रत्यक्ष जाऊन सांगते की फ्रान्समधलं आव्हिन्यों सोडा आणि रोमला परत या. पोप अकरावा ग्रेगरी १३७७ मध्ये परत आला. तिच्या एकटीमुळे नव्हे, पण तिचा वाटा होता. १३८० मध्ये तेहतिसाव्या वर्षी ती गेली.

किंवा हॉलंडमधल्या स्किडामची लिडविना. पंधराव्या वर्षी बर्फावर घसरून पडली आणि मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडतीस वर्षं, अंथरुणाला खिळली. तिचं खाणं हळूहळू सुटत गेलं. गावात इतकी चर्चा की १४२१ साली नगराच्या अधिकाऱ्यांनी रीतसर दाखला दिला, ही बाई जेवत नाही म्हणून! पण त्याच लिडविनाकडून गरिबांना अन्न जात होतं. न खाणं आणि खाऊ घालणं या दोन गोष्टी या बायकांच्या चरित्रात जोडीने येतात. आपण उपवास एवढंच बघतो आणि दुसरी बाजू सोडून देतो. बायनम यांचं सगळं म्हणणं त्या दुसऱ्या बाजूवर उभं आहे.

इथे थोडी धर्मशास्त्राची पार्श्वभूमी लागेल, कंटाळू नका. ख्रिस्ती उपासनेच्या मध्यभागी काय आहे? जेवण आहे. मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षरस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही श्रद्धा. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने हा सिद्धांत अधिकृत शब्दांत मांडला. म्हणजे देव स्वतः अन्न होतो. पण त्या अन्नाला हात कुणी लावायचा? धर्मगुरूने, म्हणजे पुरुषाने. ज्या बाईच्या हातचं सगळं घर जेवतं, तिला वेदीपाशी मात्र फक्त तोंड उघडायचं. तेव्हा याच शतकांत स्त्रियांना त्या पवित्र अन्नाची विलक्षण ओढ लागावी, हा योगायोग नाही. कॉर्पस ख्रिस्ती हा त्या पवित्र देहाचा सण सुरू व्हावा म्हणून ध्यास घेतला तो लिएजजवळच्या ज्युलियाना नावाच्या एका धर्मभगिनीने. १२४६ मध्ये तो लिएजमध्ये सुरू झाला आणि १२६४ मध्ये पोपने सगळ्या चर्चसाठी जाहीर केला.

आता बायनम यांची सगळ्यात धाडसी मांडणी. मध्ययुगातले विद्वान म्हणत की पुरुष म्हणजे आत्मा, बुद्धी. स्त्री म्हणजे देह, मांस. हा उघडउघड अपमान, आपण लगेच चिडतो. पण त्या बायकांनी याचं काय केलं? त्यांनी हिशोब मांडला. ख्रिस्त देव होता तो मनुष्य झाला, म्हणजे देह झाला. तो देह त्याला मिळाला आईकडून, मारियेकडून, कारण मानवी बाप नव्हताच. मग देह ही बाईची बाजू असेल, तर ख्रिस्ताचं मनुष्यपण आमच्या बाजूला आलं. बिंगेनची हिल्डेगार्ड तर बाराव्या शतकातच स्पष्ट लिहिते की पुरुष हे ख्रिस्ताच्या देवत्वाचं चिन्ह आणि स्त्री त्याच्या मनुष्यत्वाचं. त्यात त्या काळच्या वैद्यकाची भर. आईचं दूध हे रक्तच, शरीरात बदललेलं, असं तेव्हा मानत. मग क्रूसावर रक्त वाहणारा ख्रिस्त आणि लेकराला पाजणारी बाई यांत अंतर किती उरलं? दोघं आपल्या देहाने दुसऱ्याला पोसतात, आणि दोघांनाही त्यात दुखतं. या बायकांनी स्वतःचा देह नाकारला नाही, त्या देहाच्याच वाटेने पुढे गेल्या, हे बायनम यांचं उत्तर आहे. पटो न पटो, पण हा विचार एकदा डोक्यात शिरला की जुनी चित्रं पूर्वीसारखी दिसत नाहीत.

आता वादाचा मुद्दा. याच्या दोनच वर्षं आधी, १९८५ मध्ये, रुडॉल्फ बेल यांचं 'होली अनोरेक्सिया' हे पुस्तक आलं होतं. अनोरेक्सिया म्हणजे वजनाच्या आणि शरीराच्या धास्तीने खाणं तोडण्याचा मानसिक विकार. बेल यांचं म्हणणं असं की, इटलीतल्या या संत स्त्रिया आणि आजच्या मुली यांच्यात मानसिक पातळीवर साम्य आहे. बापाच्या, चर्चच्या सत्तेशी झगडताना स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवणं, हा दोन्हीकडचा धागा. हे ऐकायला पटतं आणि बेल काही उथळ माणूस नव्हे. त्यांनी डोनाल्ड वाइनस्टीन यांच्याबरोबर १००० ते १७०० या काळातल्या ८६४ संतांची मोजदाद केली होती. तिचेच आकडे बायनम वापरतात. संतांमध्ये स्त्रिया जेमतेम १७.५ टक्के. पण कठोर देहदंड करणाऱ्यांत त्या जवळजवळ २९ टक्के, आणि आजारपण हाच ज्यांच्या संतपणाचा गाभा, अशांमध्ये ५३ टक्के.

मग बायनम यांचा आक्षेप कशाला? आजार नव्हता असं त्या म्हणत नाहीत. कॅथरीन स्वतःच आजार म्हणते, ते वर सांगितलं. त्यांचा आक्षेप असा आहे की, नाव दिलं की विचार थांबतो. आजची मुलगी न खाण्यातून बारीक होऊ पाहते, तिच्यासाठी शरीराचा आकार हा प्रश्न आहे. कॅथरीनला भूक हीच ख्रिस्ताची भूक वाटत होती, आणि आपलं दुखणं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, मेलेल्या आत्म्यांचं कष्ट कमी करतं, अशी तिची खात्री होती. लक्षण सारखं असेल. पण प्रत्येक समाज त्याच लक्षणाला वेगळी भाषा देतो, आणि माणूस त्या भाषेत जगतो. आपल्या घरातलंच बघा ना. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून आपण आजीची चेष्टा करतो. तिला कोलेस्टेरॉल समजावतो. ती उपवास का धरते, कुणासाठी धरते, तो सोडला तर तिचं काय सुटेल, हे कितीजणांनी बसून विचारलंय? मी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलं तोवर उशीर झाला होता.

असो. पुस्तकावर टीकाही झाली आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. एक टीका अशी की, बायनम यांनी दुःखाला फार अर्थ दिला. कोवळ्या वयाच्या मुली स्वतःला संपवत होत्या, आणि आपण त्यांना प्रतिमांच्या कलावंत म्हणायचं? अर्थ सापडला म्हणून अन्याय नाहीसा होतो का? या टीकेला बायनम यांच्याकडे पूर्ण उत्तर आहे असं मला वाटत नाही. एलिझाबेथच्या बाबतीतच बघा. तिच्या डोक्यावर मारबुर्गचा कॉनराड नावाचा धर्मगुरू होता, आणि तो तिला मारहाणसुद्धा करायचा. तिचा उपवास वाचताना हा माणूस नजरेआड करून चालणार नाही.

दुसरी टीका मला जास्त महत्त्वाची वाटते. ती ॲमी हॉलिवूड यांची, १९९५ च्या पुस्तकातली. त्या विचारतात, हे सगळं लिहिलंय कुणी? नाझरेथच्या बिॲट्रिसचं उदाहरण घ्या. हे नाझरेथ म्हणजे बेल्जियममधला एक मठ. तिने स्वतः प्रेमाच्या सात रीतींवर एक छोटा ग्रंथ लिहिला, तिच्या बोलीत. मागाहून एका पुरुषाने तिचं चरित्र लॅटिनमध्ये लिहिलं, तिचाच मजकूर वापरून. दोन्ही शेजारी ठेवले तर दिसतं की, ती जिथे मनाच्या, आत्म्याच्या तडफडीबद्दल बोलते, तिथे चरित्रकार शरीर आणतो. अश्रू, जखमा, देहदंड. म्हणजे स्त्रीची भक्ती देहातून होते हे त्या स्त्रीचं म्हणणं, की तिला तसं बघायची सवय लागलेल्या पुरुषाचं? आता 'होली फीस्ट' वाचताना प्रत्येक पानावर हा प्रश्न सोबत ठेवावा लागतो. कॅथरीनचं पत्र वेगळं आणि तिच्या पापनिवेदनाचा धर्मगुरू, कापुआचा रेमंड, याने लिहिलेलं तिचं चरित्र वेगळं. म्हणून मी मघाशी पत्राचा मुद्दाम उल्लेख केला.

पुढचा प्रवास झरझर सांगतो. १९८८ पासून कोलंबिया विद्यापीठ. १९९६ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं अध्यक्षपद. अध्यक्षीय भाषणाचा विषय काय, तर आश्चर्य! इतिहासकाराने भूतकाळासमोर आधी चकित व्हावं, असा त्याचा रोख. २००३ ते २०११ प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये. मेल्यानंतर शरीर पुन्हा कसं उठणार या कल्पनेचा अकराशे वर्षांचा इतिहास, उत्तर जर्मनीतल्या विल्सनॅक गावातल्या रक्ताच्या चमत्काराभोवती फिरणारं पुस्तक, मग पवित्र वस्तूंवरचं. वरवर पाहता स्त्रियांचा विषय सुटला. तसं नाही. २०२० च्या 'डिसिमिलर सिमिलिट्यूड्स'मध्ये एक छोटासा पाळणा आहे. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या बेगीन स्त्रियांच्या वसाहतीतला, पंधराव्या शतकातला, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बाळ येशूसाठी केलेला, हातभर उंचीचासुद्धा नसेल, त्याला घंट्या लावलेल्या आहेत. ज्यांना मूल होणार नव्हतं अशा बायकांनी तो झोका हलवला असणार. आपल्याला वाटतं, अरेरे, मातृत्वाची भूक. बायनम म्हणतात, थांबा. अंथरूण म्हणजे हृदय, त्यात देवाला निजवायचं, अशी तेव्हाची शिकवण होती. पाळणा हलवणारी बाई आई होण्याचा खेळ करत होती की प्रार्थना करत होती, हे आपण आपल्या कळवळ्यातून ठरवू नये. पुन्हा तोच आग्रह, चाळीस वर्षांनी.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे.

श्रोता : तुम्ही विठाईचं उदाहरण दिलंत. मग अशी तुलना बायनम यांना चालते का?

चांगला पकडलात. त्यांचा एक निबंध आहे २०१४ चा, तुलना करायची ती कशाला, या विषयावर. त्यात हिंदू देवीच्या सजवलेल्या, मिरवल्या जाणाऱ्या मूर्ती आणि युरोपातल्या मारियेच्या मूर्ती यांचीच चर्चा आहे. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून त्या एकमेकींच्या जोडीला बसवायच्या का? त्यांचा इशारा असा की, रूप सारखं म्हणजे काम सारखं असं नव्हे. देव इथे, आत्ता, या वस्तूत आहे असं ख्रिस्ती माणूस सगळ्यात ठामपणे मानतो ते मूर्तीबद्दल नव्हे, मिस्सामधल्या भाकरीबद्दल. त्यामुळे विठाईबद्दल मी जे बोललो ते तुम्हाला प्रश्न जवळचा वाटावा म्हणून. उत्तर मात्र पंढरपूरचं वेगळं शोधावं लागेल, आणि ते इथल्याच कागदांतून.

श्रोता : सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

'होली फीस्ट'ची जाडी बघून घाबरायला होतं. 'जीझस ॲज मदर' हे निबंधांचं पुस्तक आहे. त्यातला मठाधिपतींच्या आईपणावरचा निबंध आधी वाचा, मग हेल्फ्टावरचा. मधले तूर्त सोडलेत तरी चालेल. आणि शक्य असेल तर कॅथरीनची पत्रं बाजूला ठेवा, इंग्रजी भाषांतर मिळतं. आधी ती काय म्हणते ते वाचा, तिच्याबद्दल कोण काय म्हणतं ते नंतर.